टॉप-रोपचा एक दिवस: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

सकाळी नऊला टोळकं भिंतीखाली पोचतं. सॅक भिंतीला टेकवल्या जातात, दोघं दोर घेऊन वर पळतात, दिसेल त्या झाडाला स्लिंग (शिवलेल्या पट्टीचं कडं) मारून दोर खाली सोडतात आणि ज्याचे शूज आधी पायात गेले तो चढायला लागतो. कातळाला अजून कुणाचा हातही नीट लागलेला नसतो, तोवर पाच-सहा चुका होऊन गेलेल्या असतात. यातली बहुतेक कामं सगळ्यांना येतात. चुकतो तो त्यांचा क्रम.

इथे गृहीत धरलेला दिवस असा: सह्याद्रीतली १५ ते २० मीटरची भिंत, वर जायला बाजूने चालत वाट, पाच-सहा मित्र, सगळं चढणं टॉप-रोपवर, म्हणजे दोर माथ्यावरून खाली सोडलेला आणि खालून एकाने धरलेला. वजीर, तैलबैला, वानरलिंगी असल्या सुळक्यांवर आणि मोठ्या कातळभिंतींवर दुसरंच गणित लागतं, ते इथे नाही.

थांबा: गटात स्वतंत्रपणे अँकर (माथ्यावर दोर अडकवायची बांधणी) लावता येणारे किमान दोघं हवेत. एकाने लावायचा, दुसऱ्याने तपासायचा. एकही नसेल तर लेख वाचून अँकर लावू नका. एखाद्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स आधी करा.

## १. आदला आठवडा: भिंत, दिशा, मोहोळ

चढायचे महिने ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळा संपल्यावर लगेच जायची घाई नको. भिजून फुगलेली माती आणि गवताची मुळं सुकताना सुटत असतात, त्यामुळे पहिले काही आठवडे कड्याच्या माथ्यावरून सगळ्यात जास्त दगड येतात. त्यात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, आणि तेव्हा माथ्यावर कुणी असता कामा नये.

भिंतीचं तोंड कुठे आहे ते नकाशावर बघा. पश्चिमेकडे असेल तर दुपारपर्यंत सावली, म्हणजे सकाळी सातला दोर लागलेला हवा. पूर्वेकडे असेल तर उलट, सकाळी जाऊन फक्त भाजून घ्याल. काळा बेसॉल्ट तापला की तळहाताला घाम येतो आणि दुपारी बारानंतर सोप्या पकडीही सुटायला लागतात.

जमीन वनखात्याची आहे का, किल्ला संरक्षित आहे का, ते आधी विचारा आणि लागेल ती परवानगी घ्या. गावात सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगून जा. अपघात झाला तर स्ट्रेचरला खांदा द्यायला पहिली माणसं गावातूनच येतात.

तिथेच गुराख्याला विचारा: आग्या मोहोळ आहे का? ही मोहोळं ओव्हरहँगच्या (बाहेर झुकलेल्या कातळाच्या) पोटाला लटकतात, भिंतीखाली उभं राहिलं तर दिसत नाहीत. शिवाय आग्या माश्या जागा बदलतात. गेल्या महिन्यात भिंत मोकळी होती याला काही अर्थ नाही, म्हणून त्या दिवशी पुन्हा बघायचंच.

## २. आदली रात्र: सामान

सहा जण आणि एक दोर, असं धरून:

- डायनॅमिक (भाराने ताणणारा) दोर ६० मीटर, ९.८ ते १०.२ मिमी
- अँकर लांबवायला स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर २० मीटर, १०.५ किंवा ११ मिमी
- १२० सेंमीच्या स्लिंग ४, २४० सेंमीच्या २
- लॉकिंग कॅराबिनर (दार लॉक होणाऱ्या धातूच्या कड्या) १०, त्यातले ४ तरी मोठ्या नासपती आकाराचे
- ६ मिमीच्या कॉर्डचे प्रुसिक लूप (दोरावर गुंडाळले की भार आल्यावर घट्ट धरणारे फास) ३
- बिले उपकरणं (चढणाऱ्याचा दोर खालून धरायची) २, एक तरी आपोआप अडकणारं (ग्रिग्रीसारखं)
- हेल्मेट सहा. चार नाही, सहा. खाली बसणाऱ्यालाही लागतं.
- हार्नेस (कमर-मांड्यांचे पट्टे) ४. चढणारा, बिलेयर (त्याचा दोर धरणारा) आणि पुढची जोडी तयार राहते
- कडेवर घालायला गोणपाट किंवा जाड सतरंजीचे दोन तुकडे, बांधायला दोरीसकट
- प्रथमोपचार, हेडलॅम्प, शिट्टी, माणशी ३ लिटर पाणी, फेब्रुवारीत ४

दोराचं गणित सोपं आहे. टॉप-रोपला दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणजे ६० मीटरच्या दोरावर जास्तीत जास्त ३० मीटर उंची. वर अँकरला आणि खाली गाठीला जाणारा भाग वजा केला की २५ मीटरच्या वर जाऊ नका.

दोर पिशवीत भरताना पूर्ण लांबी बोटांतून सरकवत तपासा. दर हातभर अंतरावर दोर दुमडून बघा. चांगला दोर दुमडल्यावर गोल कडी करतो. आतला गाभा तुटलेल्या जागी तो चपटा बसतो. वरचं आवरण शाबूत दिसत असतानाही गाभा गेलेला असू शकतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. आणि दोर गाडीच्या डिकीत इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी किंवा संडास साफ करायच्या ॲसिडशेजारी कधीही ठेवू नका. ॲसिडने नायलॉन आतून मरतं आणि बाहेर काही दिसत नाही.

तपासा: स्लिंग कडक झाल्या आहेत का, रंग उडून पांढुरक्या पडल्या आहेत का? दहा वर्षांहून जुनी स्लिंग न वापरलेली असली तरी बाद.

## ३. पायथ्याशी पहिली पंधरा मिनिटं

भिंतीपासून लांब, पूर्ण भिंत दिसेल अशा जागी थांबा. सॅक तिथेच ठेवा. माथ्यापासून खालपर्यंत नजर फिरवा: ओव्हरहँगची पोटं, फटी, लाल मातीचा पट्टा. बेसॉल्टच्या दोन थरांमधला हा तांबडा थर नखाने खरवडता येतो. त्यातली पकड पकड नसते आणि त्यातला बोल्ट बोल्ट नसतो. काळा, लांबट, किंचित हलणारा डाग दिसला तर ते मोहोळ. भिंत बदला. "आपण बाजूने चढू" हा विचार करू नका.

इथे चूल पेटवायची नाही, सिगरेटही नाही. धूर भिंतीला धरून सरळ वर जातो. पहाटेच्या थंडीत चहाचा मोह होतो हे खरं, पण चहा गावातच पिऊन या.

हेल्मेट इथे डोक्यात जातात आणि परत इथेच निघतात. जेवताना काढायचं असेल तर जेवण सॅकपाशी.

## ४. माथ्यावर: अँकर

दिवसभरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि याच्यासाठीच वेळ काढला जात नाही. त्याला पाऊण तास द्या.

४.१ आधी स्वतःला बांधा. कड्याच्या धारेवर सुकलेलं गवत आणि मुरूम असतो. पिकलेल्या गवतावर पाय पडला की घसरगुंडीच. धारेपासून दोन-तीन मीटर आत असतानाच मागच्या भक्कम आधाराला स्टॅटिक दोराचं शिल्लक टोक किंवा लांब स्लिंग लावा, त्यावर प्रुसिक, प्रुसिक हार्नेसच्या बिले लूपला (पुढच्या भक्कम कडीला). मग पुढे सरका. अँकर लावणारे "दोनच मिनिटं" म्हणून मोकळे फिरतात आणि पडतात ते याच दोन मिनिटांत.

४.२ आधार निवडा. कमीत कमी दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले. एक पूर्ण निखळला तरी दुसऱ्याने एकट्याने भार घेतला पाहिजे.

झाड असेल तर ते जिवंत हवं, मांडीपेक्षा जाड हवं आणि स्लिंग बुंध्याशी, जमिनीलगत बसली पाहिजे. वर बांधली की तरफ होते. माथ्यावर मातीचा थर बऱ्याचदा वीतभरच असतो आणि मुळं आडवी पसरलेली असतात. दोघांनी मिळून बुंधा ढकला आणि माती हलते का ते पाहा. हलली तर ते झाड मोजायचं नाही.

बोल्ट असतील तर हँगर (बोल्टवरची धातूची पट्टी) बोटाने फिरवून बघा. फिरत असेल, बोल्ट भोकातून बाहेर आलेला असेल, खालच्या कातळावर गंजाचा ओघळ असेल किंवा आजूबाजूचा दगड हाताने ठोकल्यावर ढबढब वाजत असेल, तर त्याच्यावर भरवसा नको. जुन्या ठोकलेल्या मेखा कितीही घट्ट वाटल्या तरी अँकरमध्ये धरू नका. किती वर्षं पावसात आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

मोठा धोंडा वापरायचा असेल तर तो मूळ कातळाचा भाग आहे की नुसता ठेवलेला, ते बघा. खाली फट आहे, उजेड दिसतो, म्हणजे ठेवलेला.

४.३ कोन. दोन आधारांकडून येणारे दोन पाय मधल्या बिंदूत मिळतात. त्यांच्यातला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर भाराचे साधारण ५८ टक्के येतात. १२० अंशाला प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन आधार असूनही भार वाटला गेलाच नाही. मोजायला कोनमापक लागत नाही: दोन आधारांमधलं अंतर एका पायाच्या लांबीपेक्षा जास्त झालं की कोन ६० च्या पुढे गेला. पाय लांब करा.

४.४ मुख्य बिंदू धारेखाली आणा. स्टॅटिक दोराचं एक टोक पहिल्या आधाराला, मग कड्यापर्यंत, तिथे दुहेरी दोराची आठची गाठ, मग परत दुसऱ्या आधाराकडे. ही गाठ धारेच्या ३० ते ५० सेंमी खाली लटकली पाहिजे. ती धारेवरच राहिली तर चढणाऱ्याचा दोर दिवसभर दगडावर घासत राहतो. स्टॅटिक दोर जिथे धारेवरून वळतो तिथे गोणपाट घाला आणि ते गोणपाटही बांधा, नाहीतर दुसऱ्या चढाईला खाली येतं.

४.५ कॅराबिनर. मुख्य बिंदूला दोन लॉकिंग कॅराबिनर, दारं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना, दोन्ही लॉक. चढायचा दोर या दोघांतून जातो.

कधीही नाही: दोर सरळ स्लिंगमधून ओवणं. नायलॉनवर नायलॉन घासलं की उष्णता तयार होते. डायनिमा (बऱ्याच स्लिंगचा धागा) १४५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि एका उतरण्यात स्लिंग कापली जाऊ शकते. सरकणारा दोर फक्त धातूवरून.

टॉप-रोपला अँकरवर चढणाऱ्याचं नुसतं वजन येत नाही. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याला धरणारा बिलेयर; घर्षण धरून दीडपटीहून जास्त भार येतो. ७० किलोच्या मित्रासाठी शंभर किलोंपलीकडचा विचार करा.

तपासा: दुसऱ्या जाणकाराने पहिल्याशी न बोलता, आधारापासून मुख्य बिंदूपर्यंत हात लावत जायचं. "मी लावलाय, ठीक आहे" हे उत्तर धरायचं नाही.

## ५. दोर सोडणं

वरून सरळ वाटणारी रेघ खालून वाकडी असते. म्हणून खाली एकजण उभा राहून डावीकडे-उजवीकडे सांगतो. अँकर मार्गाच्या बाजूला राहिला तर पडणारा माणूस लंबकासारखा कोपऱ्यावर आपटतो.

दोराचा मध्य कॅराबिनरमध्ये ठेवा, दोन्ही टोकांना गाठ मारा, खालच्यांना "दोर!" असा आवाज द्या, उत्तर येईपर्यंत थांबा, मग एकेक टोक सोडा. दोन्ही टोकं जमिनीला टेकल्याचं खालच्याने ओरडून सांगायचं. बिलेयरच्या टोकाची गाठ दिवसभर राहू द्या. दोर कमी पडला तर ती उपकरणात अडते, नाहीतर टोक निसटून मित्र खाली.

## ६. बांधणं आणि जोडीची तपासणी

हार्नेसला दोर बिले लूपमध्ये नाही, त्याच्या वर-खाली असलेल्या दोन कड्यांमधून ओवायचा. आठची गाठ पूर्ण झाल्यावर दोराच्या समांतर जोड्या मोजा: दोन, चार, सहा, आठ, दहा. पाच जोड्या दिसल्या पाहिजेत. शेपूट मूठभर तरी उरू द्या.

इथली नेहमीची चूक अर्धवट गाठ. माणूस टोक ओवतो, कुणीतरी "शूज कितीचे घेतले?" विचारतो, तो उत्तर देतो आणि पुढे शूज बांधायला लागतो. गाठ पोटाशी बरोबर दिसते, पण परतीचा फेरा राहिलेला असतो. गाठ मारणाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम गटात सकाळीच सांगा.

मग दोघांनी एकमेकांना हात लावून तपासा:

- दोघांच्या हार्नेसची बकलं, पट्टा उलटा फिरवलेला
- चढणाऱ्याची गाठ, दोन्ही कड्यांतून
- बिले उपकरणात दोर योग्य दिशेने. ग्रिग्रीवर चढणाऱ्याचं आणि हाताचं चित्र कोरलेलं असतं. दोर उलटा भरला तर ते अडकत नाही. चढणाऱ्याकडचा दोर झटका देऊन ओढून बघा.
- कॅराबिनर लॉक. दाबून बघा, नुसतं पाहू नका.
- हेल्मेट, अंगठ्या काढलेल्या, केस आणि ओढणी आत. उपकरणात केस गेले तर कात्रीशिवाय सुटत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या चढाईनंतर ही तपासणी गळते. सकाळी सगळे करतात, दुपारी कुणी करत नाही.

## ७. बिले

बिलेयर भिंतीपासून मीटर-दीड मीटरवर, मार्गाच्या किंचित बाजूला. अगदी खाली उभं राहिलं तर दगड डोक्यावर, फार लांब उभं राहिलं तर भार आल्यावर भिंतीकडे ओढलं जातं. चढणारा १५-२० किलोंनी जड असेल तर बिलेयरला मागच्या झाडाला किंवा धोंड्याला स्लिंगने बांधा, ढील न ठेवता.

हाताची लय: ओढा, ब्रेकचा हात खाली, दुसरा हात ब्रेकच्या हाताखाली दोराला धरा, ब्रेकचा हात वर सरकवा. ब्रेकचा हात दोरावरून सुटत नाही. ग्रिग्री असलं तरी नाही.

आता एक गोष्ट जी कुणाच्या लक्षात येत नाही. चढणारा जमिनीलगत असताना २० मीटरच्या भिंतीवर जवळजवळ ४० मीटर दोर मध्ये असतो. डायनॅमिक दोर नुसत्या वजनानेही ताणतो. त्यामुळे चढणारा दोन मीटरवर असताना निसटला तर दोर "घट्ट" असूनही तो जमिनीला टेकतो आणि घोटा मुरगळतो. पहिल्या तीन-चार मीटरपर्यंत दोर कमरेला ओढ लागेल इतका ताणून ठेवा आणि एकाने दोन्ही हात वर करून मागे उभं राहा. वर गेल्यावर थोडा मोकळा द्या, नाहीतर चढणाऱ्याला तोल सांभाळता येत नाही.

हाका ठरवून घ्या आणि नाव घेऊन द्या. बाजूच्या गटाचा "लोअर" आपल्या मित्राला लागू होऊ नये. ऑन बिले (दोर धरलाय), क्लाइंबिंग (चढतोय), स्लॅक (ढील दे), टेक (ओढून धर), लोअर (उतरव), आणि दगड सुटला तर "दगड!". दगड ऐकल्यावर वर बघायचं नाही. भिंतीला चिकटायचं, हनुवटी छातीशी.

## ८. चढताना

थोडक्यात: पाय आधी, हात नंतर. पकडीवर भार टाकण्याआधी ती बोटांच्या पेरांनी ठोका. पोकळ वाजली तर सोडून द्या, आणि ओढायचीच असेल तर बाहेर नाही, खाली ओढा. गवताचा झुपका ही पकड नाही. फटीत हात घालण्याआधी आत बघा, तिथे साप आणि विंचू राहतात.

पहिली चढाई गटातल्या अनुभवी माणसाने करावी. वाटेतले सुटे दगड पायथा मोकळा करून, ओरडून, त्यानेच काढायचे.

## ९. उतरवणं

क्रम असा: चढणारा "टेक" म्हणतो, बिलेयर दोर पूर्ण ओढतो, चढणारा आधी दोरावर बसून बघतो, मग "लोअर". पाय खांद्याइतके फाकवून, अंग मागे, चालत खाली. वेग चालण्याइतका, शेवटच्या दोन मीटरला आणखी कमी.

ठरवून घ्या: माथ्यावर पोचून कुणीही बाहेर निघणार नाही, सगळे दोरावरूनच उतरणार. वरचा समजतो मला उतरवणार आहेत, खालचा समजतो तो चालत येणार आहे आणि बिले काढतो. हा गैरसमज जीवघेणा ठरतो. "ऑफ बिले" (आता दोर सोड) दोन्ही पाय जमिनीवर आल्यावरच म्हणायचं.

## मोहोळ उठलं तर

दोरावरचा माणूस आधी खाली. बिलेयरने दोर सोडून पळायचं नाही, आणि ग्रिग्रीसारखं उपकरण यासाठीही लागतं: चावे बसत असतानाही हाताची चूक थोडी झाकली जाते. बाकीच्यांनी एखादा जाड कपडा बिलेयरच्या डोक्या-मानेवर टाकून मग लांब जायचं. चढणारा टेकला की दोर कापला तरी चालेल, गाठ सोडत बसू नका. तोंड आणि मान झाकून झाडीत घुसा, झटकू नका, थांबू नका. सॅक तिथेच राहू दे. अंधार पडल्यावर आणता येते.

नांगी नखाने लगेच खरवडून काढा, जितक्या लवकर तितकं विष कमी. चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली किंवा बरेच चावे असले तर थेट १०८. दोरावर कुणी बेशुद्ध लटकत असेल तर त्याला मिनिटांत खाली आणायचं. हार्नेसमध्ये निश्चल लटकणंच जिवावर बेततं. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन निघण्याआधीच सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण भिंतीखाली बहुधा रेंज नसते आणि नंबर शोधायला इंटरनेटही नसतं.

## १०. आवरणं

"शेवटची एक" ठरलेल्या वेळेआधी जाहीर करा. बोटं गेलेली असताना, पाणी संपलेलं असताना, पाचनंतर लावलेली "शेवटची एक" बंद करा.

दोर आधी खाली ओढून घ्या, मग दोघं वर जा. अँकर सोडताना स्वतःचा प्रुसिक सगळ्यात शेवटी निघतो. दमलेल्या माणसाच्या हातून तो सगळ्यात आधी निघतो, म्हणून दुसऱ्याने बघत राहायचं. कॅराबिनर खाली फेकू नका.

सॅकपाशी सतरंजीवर सगळं मांडून यादीशी मोजा. घरी दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत, पंख्याखाली वाळवा. घासलेली स्लिंग दिसली तर कात्रीने दोन तुकडे करूनच कचऱ्यात टाका. अख्खी टाकली तर पुढच्या ट्रेकला कुणीतरी ती सॅक बांधायला घेतं आणि त्याच्या पुढच्या ट्रेकला अँकरला.